जात हा कुणाचा ‘अंतर्गत प्रश्न’?

भायखळा रेल्वे स्थानकाच्या जतनकार्याला २०२२ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. त्या कामात मध्य रेल्वे म्हणजे सरकार होते, पैसा पुरवणारा उद्योगसमूहाचा न्यास होता, काम तडीस नेणारी स्वयंसेवी संस्था होती. आणि शाबासकी देणारी युनेस्को ही अनेक राष्ट्रांनी मिळून उभारलेली संघटना. राज्यशास्त्राच्या पुस्तकात आंतरराष्ट्रीय संबंधांचे ‘कर्ते’ म्हणून जे शिकवतात, ते या एका स्थानकात भेटतात. दगडी इमारतीबद्दल बाहेरच्या संस्थेने दिलेले मत आपल्याला चालते. मग माणसांबद्दल दिलेले मत का चालत नाही?

१९४६ साली दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांवरच्या भेदभावाची तक्रार भारताने संयुक्त राष्ट्रांत नेली. ‘हा आमचा अंतर्गत प्रश्न’, असे दक्षिण आफ्रिकेचे उत्तर होते. भारताने ते नाकारले, आणि ते योग्यच होते. २००१ साली त्याच दक्षिण आफ्रिकेतील डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. जातीचा प्रश्न तिथे घ्या, ही मागणी दलित संघटनांनी लावून धरली. तेव्हा ‘अंतर्गत प्रश्न’ हे उत्तर भारत सरकारचे होते!

काही जण म्हणतील, जात म्हणजे वंश नव्हे, हे तर बाबासाहेबांनीच सांगितले. बरोबर आहे. पण वंशभेदविरोधी करारात (१९६५) वंशासोबत ‘जन्मपरंपरा’ हाही आधार आहे, आणि तो शब्द भारताच्याच सूचनेवरून आला. त्यात जात येते, हे त्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २००२ साली स्पष्ट केले.

पुस्तकातली कर्त्यांची यादी सगळ्यांना एका पंगतीत बसवते. व्यवहारात पंगत राज्यसंस्था मांडते. इंटरनॅशनल दलित सॉलिडॅरिटी नेटवर्क या संस्थेला संयुक्त राष्ट्रांत सल्लागार दर्जा मिळायला सुमारे पंधरा वर्षे लागली. भारत पुन्हा पुन्हा प्रश्न विचारत राहिला आणि अर्ज लांबत गेला. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये मतदानाने दर्जा मिळाला.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची बाजू संयुक्त राष्ट्रांपुढे मांडणारा अर्ज तयार झाल्याचे कळताच त्यांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्याच्या प्रती मागवल्या. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नाव घेतले तेही अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून. परवानगीची वाट या दोघांनीही पाहिली नाही.

संयुक्त राष्ट्रे वस्तीत येऊन न्याय देणार नाहीत. खरी लढाई इथेच आहे. पण सरकारने जगासमोर मांडलेले चित्र खोडून काढायला कागद लागतो. या समितीपुढे सरकार जसा अहवाल देते, तसा पर्यायी अहवाल संघटनाही देऊ शकतात. त्यासाठी अत्याचाराच्या प्रकरणांची तारीखवार नोंद, एफआयआरच्या प्रती आणि निकाल जपून ठेवणे हे आजच्या कार्यकर्त्याचे काम आहे. आपण फक्त चर्चेचा विषय राहायचे की कर्ते व्हायचे, हे आपल्या संघटनेवर ठरेल.

जय भीम!