‘मदरबोर्ड गेलाय’ हे वाक्य सगळ्यात शेवटी बोला



सातारा, कराड, पलूस, सांगली या पट्ट्यात कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान टाकायचा विचार करताय? मग माझं स्पष्ट मत ऐका. या धंद्यात तुम्ही मदरबोर्ड विकत नाही, निदान विकता.

पीसी चालू होत नाही म्हणून गिऱ्हाईक येतं. दोन मिनिटांत ‘बोर्ड गेलाय, नवा टाकू’ म्हणणं सोपं असतं. पण जुन्या प्रोसेसरला बसणारा नवा बोर्ड सहसा मिळत नाही. मग प्रोसेसर बदला. डीडीआर३ रॅम डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये बसत नाही, म्हणून रॅमही बदला. एका घाईच्या वाक्यानं त्याच्या गळ्यात जवळजवळ अख्खं मशीन पडतं. आणि दोष नुसत्या रॅमचा होता हे त्याला नंतर कळलं, तर तो परत येत नाही, आणखी दहा जणांना सांगतो. आपली गावं लहान आहेत, बातमी लगेच फिरते.

म्हणून क्रम ठरवून घ्या:

१. प्लग, स्विच, मॉनिटरची केबल. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डातच लावलीय ना?
२. एसएमपीएस. दुसरा चांगला लावून बघा.
३. वीज बंद करून रॅम काढा, खोडरबरानं पट्टी पुसा, एकेक रॅम वेगवेगळ्या स्लॉटमध्ये लावा.
४. तारीख-वेळ सारखी चुकते? सीआर२०३२ सेल बदला. तारीख चुकली की वेबसाइटही उघडत नाहीत आणि गिऱ्हाईकाला वाटतं नेटच बिघडलंय.
५. फक्त प्रोसेसर, एक रॅम आणि एसएमपीएस ठेवून चालू करा. बीप ऐका. फुगलेले कपॅसिटर बघा.

एवढं झाल्यावरच बोर्डाचं नाव घ्या.

नवा बोर्ड बसवतानाही तेच. कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ बोर्डाच्या भोकांशी जुळले नाहीत तर शॉर्ट होतो. २४ पिनचा कनेक्टर लावला आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनचा विसरला, तर पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही. अशा वेळी चांगला बोर्ड ‘डेड’ ठरवून परत पाठवणारे कमी नाहीत.

आपल्या भागात पुराचा विषय टाळता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. भिजलेला पीसी आला तर ‘चालतोय का बघू’ म्हणून वीज लावू नका. आधी सेल काढा, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ करा, पूर्ण वाळवा. भिजलेला एसएमपीएस सरळ बदला. बोर्ड चालू झाला तरी आतला गंज नंतर त्रास देऊ शकतो, हे बिलावर लिहून द्या. आणि हे जरूर सांगा: बोर्ड गेला म्हणजे डेटा गेला असं नाही, डेटा हार्ड डिस्कमध्ये असतो. पण डिस्कही भिजली असेल तर ती चालू करून बघू नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवा. मार्केट यार्डातल्या हळदीच्या व्यापाऱ्याला मशीनपेक्षा त्या हिशोबाची काळजी जास्त असते.

आता पैशाचं. ‘फुकट तपासणी’चा बोर्ड लावू नका. तपासणी फुकट केली की तो वेळ भरून काढायला पार्ट विकावाच लागतो, आणि तिथूनच खोटं बोलायला सुरुवात होते. समजा तपासणीचे २०० रुपये ठेवले. दुरुस्ती करून घेतली तर ते बिलातून वजा करा. दोष ५ मिनिटांत सापडला तरी २०० घ्या, लाजू नका. डॉक्टर औषध न देताही फी घेतातच की!

या आठवड्याचं काम: वरचा क्रम एका कागदावर छापा. प्रत्येक मशीनला तो भरा आणि त्याची प्रत गिऱ्हाईकाला द्या. काढलेला जुना बोर्डही त्याच्याच हातात द्या. विश्वास असाच बसतो, आणि पुढचं गिऱ्हाईक त्या विश्वासावरच येतं.