विश्लेषण : थंडीत जुनी ‘पद्मिनी’ सुरू का होत नाही?

जानेवारीतली सकाळ. दादरच्या हिंदू कॉलनीत किंवा गिरगावातल्या एखाद्या वाडीत महिनाभर कव्हरखाली असलेली प्रीमियर पद्मिनी. सेल मारला तरी इंजिन लागत नाही. मालक म्हणतात, ‘थंडी आहे ना!’ खरं तर थंडीपेक्षा दोष गाडी उभी ठेवण्याचा जास्त आहे.

थंडीचा वाटा किती?
गार हवेत पेट्रोलची वाफ कमी होते. म्हणून या गाड्यांना चोक असतो. तो ओढला की हवा कमी होते आणि मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. पण सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदलेला मुंबईचा नीचांकही ७.४ अंश होता. पद्मिनी मूळची इटलीची फियाट ११००. एवढ्या गारठ्याने ती अडू नये.

मग अडतं कुठे?
उभ्या गाडीत कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि बॅटरीही आपोआप उतरते. पेट्रोल खेचणारा पंप इंजिन फिरल्यावरच चालतो, आणि उतरलेली बॅटरी इंजिन पुरेसं फिरवू शकत नाही. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा शोषतं आणि जुन्या रबरी नळ्या खराब करतं. त्या बदलून घ्या.

सुरू कशी करावी?
चोक पूर्ण ओढा. सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. इंजिन लागलं की चोक हळूहळू आत ढकला, नाहीतर प्लग काळे पडतात.

दर रविवारी पाच मिनिटं जागेवर इंजिन चालवणं पुरेसं आहे का?
नाही. ही सवय सोडाच. सेल मारताना गेलेला चार्ज तेवढ्यात भरून येत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि धूर शेजाऱ्यांच्या खिडकीत जातो. बंद गॅरेजमध्ये तर कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा पहाटे अर्धा तास गाडी फिरवा. परळहून गिरगाव चौपाटी आणि परत, एवढं पुरे. तेही जमत नसेल तर बॅटरीची तार काढून ठेवा.

शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांची मर्यादा संपल्यावर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तिला नियमाने थांबवलं. तुमची पद्मिनी निव्वळ आळसापायी थांबू नये.