एक पॅड, चार फोन: वायरलेस चार्जिंग कोणाला जमतं, कोणाला नाही

तुमच्या घरातल्या स्विचबोर्डाजवळ किती वायरी लोंबतात, ते आज एकदा मोजून बघा. आईच्या फोनची एक, बाबांच्या फोनची दुसरी, ताईच्या आयफोनची तिसरी आणि कोणाचीच नसलेली, पण टाकवत नाही अशी चौथी. अशा घरात वायरलेस चार्जिंग पॅड आलं की सगळ्यांना वाटतं, चला, कटकट संपली! फोन आणून नुसता ठेवायचा, की झालं.

पण मग होतं असं, की एकाचा फोन लगेच चार्ज व्हायला लागतो, दुसऱ्याचा तासभर ठेवूनही जेमतेम पुढे सरकतो आणि तिसऱ्याचा फोन पॅडची दखलसुद्धा घेत नाही. पॅड बिघडलेलं असतं का? बहुतेक वेळा नाही. पॅड, फोन, अडॅप्टर आणि फोनचं कव्हर या चौघांचं एकमेकांशी जमलं तरच काम होतं. म्हणून पैसे खर्च करण्याआधी या चौघांची ओळख करून घेऊया.

वायरीशिवाय वीज जाते कशी?

यामागचं तत्त्व नवं नाही. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने ते १८३१ मध्ये दाखवून दिलं होतं. पॅडच्या आत तांब्याच्या तारेचं एक वेटोळं असतं, त्याला कॉइल म्हणतात. त्यातून वीज गेली की भोवती सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. फोनच्या पाठीमागेही अशीच एक कॉइल असते. ती या क्षेत्रात आली की तिच्यात वीज निर्माण होते आणि बॅटरी भरू लागते.

तुमच्या स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी याच कुटुंबातली. तिच्यावर लोखंडी तवा तापतो, पण साधं ॲल्युमिनियमचं पातेलं थंडच राहतं. शेगडी तीच, भांडं चुकलेलं! पॅडचंही तसंच आहे. ज्या फोनच्या पोटात कॉइल नाही, तो कितीही महाग असो, पॅडवर नुसता पडून राहणार.

सुरुवातीला वायरलेस चार्जिंगच्या वेगवेगळ्या पद्धती होत्या. त्यात एकसारखेपणा आणण्यासाठी २००८ मध्ये वायरलेस पॉवर कन्सोर्शियम ही संघटना स्थापन झाली. तिने ठरवलेल्या मानकाचं नाव 'ची'. ऊर्जेसाठी असलेला हा चिनी शब्द इंग्रजीत क्यू आणि आय या दोन अक्षरांनी लिहितात, म्हणून दुकानदार त्याला 'क्यूआय' म्हणतो. या मानकामुळेच सॅमसंगच्या पॅडवर आयफोन आणि आयफोनसाठी घेतलेल्या साध्या पॅडवर पिक्सेल चार्ज होऊ शकतो. २०२३ मध्ये 'ची २' आलं. त्यात चुंबकांची कडी असते, त्यामुळे फोन योग्य जागी आपोआप चिकटतो.

आधी फोन तपासा, मग पॅड

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे. अनेकांना वाटतं, फोन नवा आहे म्हणजे वायरलेस चार्जिंग असणारच. तसं नसतं. ही सोय बहुतेक महागड्या फोनमध्ये असते आणि एकाच कंपनीच्या दोन भावंडांपैकी एकात असते, दुसऱ्यात नसते.

* आयफोन: २०१७ च्या आयफोन ८ आणि आयफोन एक्सपासून ही सोय आली. २०२० च्या आयफोन १२ पासून पाठीमागे मॅगसेफची चुंबकं आली.
* सॅमसंग: गॅलेक्सी एस मालिकेत २०१५ च्या एस६ पासून आहे. एस२० एफई आणि एस२१ एफईमध्येही आहे. पण घराघरांत दिसणाऱ्या गॅलेक्सी ए आणि एम मालिकेत ती मिळत नाही.
* गुगल पिक्सेल: पिक्सेल ६ए मध्ये नाही, पिक्सेल ७ए मध्ये आहे.
* वनप्लस: वनप्लस १० प्रोमध्ये आहे, वनप्लस ११ मध्ये नाही, वनप्लस १२ मध्ये पुन्हा आहे. नॉर्ड घेतला असेल तर पॅडचा विचार सोडून द्या.
* नथिंग: फोन (१) आणि फोन (२) मध्ये आहे, फोन (२ए) मध्ये नाही.
* मोटोरोला: २०२३ मध्ये आलेल्या एज ४० मध्ये आहे.

पाहिलंत ना? एका अक्षराने किंवा आकड्याने फरक पडतो. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन फोनचं पूर्ण नाव बघा आणि कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर त्याच नावासमोर वायरलेस चार्जिंग लिहिलंय का ते वाचा. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे एखाद्या मित्राच्या पॅडवर किंवा गाडीतल्या चार्जिंगच्या जागेवर फोन दोन मिनिटं ठेवून बघा. चार्जिंगची खूण आली, तर तुमचा फोन पास.

खोक्यावर १५ वॉट, मग इतका हळू का?

पॅडवर लिहिलेला आकडा ही त्याची कमाल क्षमता असते. प्रत्यक्षात किती वेग मिळेल, हे तिघांमधला सगळ्यात कमकुवत गडी ठरवतो.

पहिला गडी फोन. मॅगसेफ किंवा 'ची २' चार्जरवर बरेच आयफोन साधारण १५ वॉटपर्यंत वीज घेतात. तोच आयफोन साध्या 'ची' पॅडवर ठेवला तर ७.५ वॉटवर थांबतो. पिक्सेल ७ए ची मर्यादाही ७.५ वॉट. वनप्लस १२ स्वतःच्या खास वायरलेस चार्जरवर ५० वॉटपर्यंत जातो, पण साध्या पॅडवर त्याचा तो रुबाब चालत नाही. म्हणजे १५ वॉटचं पॅड घेतलं म्हणून घरातल्या प्रत्येकाला १५ वॉट मिळतील, असं नाही.

दुसरा गडी अडॅप्टर. अनेक पॅडच्या खोक्यात फक्त केबल असते, अडॅप्टर नसतो. मग आपण कपाटातला जुना, ५ वॉटचा अडॅप्टर काढून लावतो किंवा पॅड लॅपटॉपला जोडतो. विहिरीतच पाणी नसेल तर मोटार काय करणार? १५ वॉटच्या पॅडला साधारण २० वॉटचा, पीडी किंवा क्विक चार्ज असं लिहिलेला अडॅप्टर हवा. पॅडच्या माहितीपत्रकात कोणता अडॅप्टर लागेल ते दिलेलं असतं, तेवढं नक्की वाचा.

आता हिशेब बघा. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा. ५ वॉटने ती भरायला कागदावरच चार तास लागतात आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त. त्यामुळे ऑफिसला निघायला वीस मिनिटं उरली असतील, तर निमूटपणे वायर लावा. पॅड हे रात्रीचं किंवा टेबलावर बसून काम करतानाचं साधन आहे, घाईचं नाही.

कव्हरमागचा संसार बाहेर काढा

तिसरा गडी म्हणजे पॅड आणि फोन यांच्यामध्ये जे काही आहे ते सगळं. दोन्ही कॉइल एकमेकींच्या जितक्या जवळ आणि जितक्या समोरासमोर, तितकं चार्जिंग चांगलं. साधं प्लास्टिकचं किंवा सिलिकॉनचं पातळ कव्हर चालतं. तीन मिलिमीटरपेक्षा जाड कव्हर असेल तर अडचण येऊ शकते.

पण आपल्याकडे कव्हर म्हणजे छोटी तिजोरीच असते! मागे मेट्रोचं कार्ड, डेबिट कार्ड, घडी केलेली नोट, कधी देवाचा धातूचा शिक्का. बोटात अडकवायची धातूची रिंग असते किंवा गाडीतल्या चुंबकी स्टँडसाठी चिकटवलेली लोखंडी पट्टी असते. हे सगळं पॅडवर ठेवण्याआधी काढायलाच हवं. धातू या क्षेत्रात तापतो. चांगली पॅड असा धातू ओळखून चार्जिंग थांबवतात, पण स्वस्त आणि बिनखुणेच्या पॅडवर भरवसा ठेवू नका. चुंबकी पट्टी किंवा चिप असलेली कार्डं मध्ये राहिली तर ती खराब होऊ शकतात. मग सकाळी मेट्रोचं गेट उघडलं नाही, तर गेटला दोष देऊ नका.

जागाही महत्त्वाची. सपाट पॅडवर फोन एखाद इंच जरी सरकला तरी चार्जिंग बंद पडू शकतं. रात्री कुटुंबाच्या ग्रुपवर शुभेच्छांचे संदेश येत राहतात, फोन थरथरत हळूहळू सरकतो आणि सकाळी बॅटरी होती तिथेच. यावर उपाय सोपा आहे. झोपताना व्हायब्रेशन बंद करा किंवा सपाट पॅडऐवजी फोन टेकवून उभा ठेवायचा स्टँड घ्या. 'ची २' किंवा मॅगसेफ असलेल्या फोनला ही अडचण येत नाही, कारण चुंबक त्याला धरून ठेवतं.

वीजबिलाची नको, उष्णतेची काळजी करा

वायरीच्या तुलनेत पॅडवर जास्त वीज वाया जाते, हे खरं. पण हिशेब करा. ५००० एमएएचचा फोन वर्षभर रोज पूर्ण भरला तर बॅटरीत साधारण ७ युनिट वीज जाते. पॅडवर दीडपट लागली असं धरलं तरी १० ते ११ युनिट होतील. वर्षाच्या बिलात हा फरक किरकोळ आहे.

खरी गोष्ट ही, की वाया गेलेली वीज उष्णता होऊन बाहेर पडते आणि फोनच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही. मे महिन्यात नागपूर असो की हैदराबाद, खोली आधीच तापलेली असते. अशा वेळी फोन उशीखाली किंवा गादीवर ठेवलेल्या पॅडवर चार्ज करू नका. चार्ज होताना गेम किंवा व्हिडिओ कॉल टाळा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत नकाशा चालू ठेवून पॅडवर चार्जिंग करणं म्हणजे फोनला तव्यावर ठेवण्यासारखंच. फोन गरम झाला की अनेक फोन स्वतःहून चार्जिंग हळू करतात. आयफोन तर ८० टक्क्यांवर थांबूनही राहतो. तो बिघाड नसतो. त्याला उचला, कव्हर काढा, थंड होऊ द्या.

ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्याच्याकडेच नाही

आता जरा वेगळा विचार करूया. घरात या पॅडचा खरा फायदा कोणाला होईल? तरुणांना ती हौस असते. पण ज्या आजीला चष्मा लावूनही चार्जिंगचं छिद्र दिसत नाही, ज्या आजोबांची बोटं थरथरतात, ज्यांनी पिन जोर लावून घुसवल्याने पोर्ट सैल झालंय, त्यांच्यासाठी फोन नुसता ठेवला की चार्ज होणं म्हणजे मोठी सुटका आहे. 'बाळा, जरा पिन लावून दे रे' असं दर रात्री म्हणावं लागू नये, ही काही छोटी गोष्ट नाही. आणि नेमका त्यांच्याकडेच घरातला सगळ्यात स्वस्त, कॉइल नसलेला फोन असतो.

म्हणून पुढच्या वेळी घरात नवा फोन येईल तेव्हा जुना फोन एक्सचेंजमध्ये देण्याआधी थांबा. तो आयफोन ११, गॅलेक्सी एस२१ एफई किंवा पिक्सेल ७ए असेल, तर कोपऱ्यात एक स्टँड ठेवा आणि तो फोन आजी-आजोबांना द्या. चार्जिंगचं पोर्ट सैल झालं असलं तरी कॉइल आपलं काम करत राहते. पावसाळ्यात पोर्टमध्ये ओल शिरली आणि फोनने वायर नाकारली, तरी पाठ कोरडी पुसून तो पॅडवर ठेवता येतो.

एक काळजी मात्र नक्की घ्या. घरात कोणाला पेसमेकर बसवलेला असेल, तर चार्ज होणारा फोन आणि पॅड छातीपासून दूर ठेवा. ॲपलची सूचना वायरलेस चार्जिंग चालू असताना ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतराची आहे. पॅड उशाशी ठेवण्याआधी डॉक्टरांनाही विचारून घ्या.

कॉइल नसलेल्या फोनसाठी बाजारात पातळ चिकटपट्टीसारखा रिसीव्हर मिळतो. तो कव्हरखाली चिकटवून त्याची पिन पोर्टमध्ये कायम अडकवून ठेवायची असते. काम चालतं, पण वेग कमी मिळतो आणि पोर्ट अडून राहतं. गरज मोठी असेल तरच हा मार्ग घ्या.

दुकानात जाताना हे लक्षात ठेवा

* घरातल्या कोणत्या फोनमध्ये कॉइल आहे, याची यादी करा. एकच असेल तर तीन फोनचं मोठं पॅड घेऊ नका.
* पॅडवर 'ची' ची खूण आणि अडॅप्टरवर बीआयएसची खूण बघा.
* अडॅप्टर सोबत मिळतो का, ते विचारा. नसेल तर त्याचे पैसे धरूनच किंमत ठरवा.
* घड्याळासाठी पॅड घेत असाल तर आधी खात्री करा. ॲपल वॉच साध्या 'ची' पॅडवर चार्ज होत नाही. अनेक वायरलेस इअरबड्सच्या डब्या मात्र होतात.
* परत करण्याची मुदत असतानाच घरातला प्रत्येक फोन त्याच्या कव्हरसकट ठेवून बघा.

वायरी सगळ्या फेकू नका, एक चांगली केबल घरात राहू द्या. आणि आज संध्याकाळी सगळे जेवायला बसले की प्रत्येकाच्या फोनचं पूर्ण नाव एका कागदावर लिहून काढा. पॅड घ्यायचं की नाही, आणि घेतलं तर ते कोणाच्या उशाशी ठेवायचं, हे तो कागदच तुम्हाला सांगेल.