खाटेवरची पासोडी

इस्पितळात औषध वेळेवर येते, डॉक्टर वेळेवर येतात. दुपार मात्र काही केल्या सरत नाही. त्यातून रोगी सात वर्षांचा, मांडीचे हाड मोडलेले, पायाला वजन टांगून सहा आठवडे उताणे पडायचे! परीक्षा खरी उशाशी बसणाऱ्याची.

गेल्या वर्षी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात असा एक मुलगा पाहिला. दसऱ्याला झाडावरून पडलेला. आईबाप ऊसतोडीचे. बीडबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे, की या धंद्यात नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल जोडीवर घेतलेली. बाई मागे राहिली तर उरतो अर्धा कोयता. मग उचल फिटायची कशी? दिवाळी होताच टोळी निघाली आणि मायला जावे लागले. आजी तेवढी पहिल्या दिवसापासून खाटेखाली चटई टाकून होती.

इंग्लंडात आजारी मुलाजवळ आईला राहू द्यावे, हे सांगायला १९५९ साली सरकारी समितीचा अहवाल यावा लागला. आमच्या आज्यांनी तो न वाचताच अमलात आणला आहे! असो.

आजीला अक्षर येत नाही, पण कीर्तने पुष्कळ ऐकलेली. तिने नातवाला सांगितले, याच गावात चारशे वर्षांपूर्वी दासोपंत होऊन गेले, त्यांनी कापडावर ओव्या लिहिल्या. ती पासोडी सुमारे ४० फूट लांब! पोराने डोळे मोठे केले. ‘आजे, मलाबी कापड दे की.’

आजोबांच्या जुन्या धोतराची हातभर रुंद पट्टी निघाली. पेन सिस्टरबाईंनी दिले. रोज दुपारी एक ओळ. मामांची टोपी माकडाने नेली. आज खिडकीत तीन पारवे. ‘आजी झोपेत मुकादमाला शिव्या देते’ ही ओळ वाचली गेली तेव्हा वॉर्डातली कण्हणारी माणसेसुद्धा हसली. जोडाक्षरे सिस्टरबाई सुधारीत. शेजारच्या खाटांवरून ‘आज माझं नाव लिही रे’ अशा मागण्या येऊ लागल्या, आणि साहेब त्या मंजूर-नामंजूर करीत! भेटीला येणारे खेळणी आणतात. ती दोन दिवसांत कोपऱ्यात जातात. या पोराला उद्याचे काम होते.

सायंकाळी फडातून मायचा फोन आला की दिवसाची ओळ वाचून दाखवायची. ‘पुन्यांदा वाच,’ ती म्हणे. तो तीनतीनदा वाची.

पुढचे आजीने सांगितले. पाडव्याच्या सुमारास माय परतली. पोर तोवर हिंडूफिरू लागले होते. तिने ओसरीवर पासोडी पसरायला लावली आणि विचारले, ‘मी गेले त्या दिसाचं कुठं हाय?’

त्याने बोट ठेवले. तिथे अक्षर नव्हते. ट्रॅक्टर काढलेला होता, आणि मागच्या ट्रॉलीत एकच बाई.