हुंडा हा लेकीचा वाटा नव्हे

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात गरीब शेतकऱ्याच्या उपवर मुलीच्या हालांविषयी दोन मते हटकून मांडली जातात: मुलगी जमिनीत वाटा घेत नाही म्हणून हुंडा हाच तिचा वाटा होय, हे पहिले, आणि तिच्या दुःखाचे मूळ दुष्काळात आहे, हे दुसरे. ही दोन्ही मते टिकणारी नाहीत.

वाटा हा ज्याचा असतो त्याच्याच ताब्यात राहतो. हुंड्याची रोकड मात्र वराच्या वडिलांच्या हाती पडते आणि तिचा आकडा मुलीच्या गरजेवरून नव्हे, तर मुलाची नोकरी, घरची जमीन आणि घराण्याचा मान पाहून ठरतो. शिवाय महाराष्ट्राने 1994 साली व केंद्राने 2005 साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हक्क असलेली वारस, ठरविले आहे. तो हक्क पुढे हक्कसोडपत्राने, म्हणजे भावांच्या नावे वाटा सोडून देण्याच्या दस्ताने, काढून घेतला जातो. ज्या मुलीच्या लग्नासाठी रान विकले जाते, तिचेच नाव सातबाऱ्यावर नसते.

दुष्काळ खरा आहे. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि त्या वर्षी व 2017 साली याच जिल्ह्यात लग्नखर्चाच्या धास्तीने शेतकऱ्यांच्या लेकींनी जीव गमावल्याच्या घटनांनी महाराष्ट्र हादरला. परंतु दुष्काळाने बापाची ऐपत घटते, सोयऱ्यांची मागणी घटत नाही. ती सुकाळातही होतच असते, म्हणून तिचा दोष पावसावर ढकलता येत नाही.

ज्या मुलीला घराचे ओझे म्हटले जाते ती पहाटे पाणी भरते, कॉलेज सांभाळून सोयाबीनची खुरपणी आणि तुरीची काढणी करते. दुसऱ्याच्या रानात याच कामाला रोज मिळतो, घरच्या रानात ते हिशेबातच धरले जात नाही. म्हणून तिला ओझे नव्हे, कमावती मानणे हेच न्याय्य आहे. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानुसार नुसती मागणी हाही गुन्हा आहे. तेव्हा रक्कम जमविण्यासाठी सावकाराचे दार गाठण्याऐवजी बापाने मागणी होताच तक्रार करावी आणि गावाने त्याच्या पाठीशी उभे राहावे. राहिला लग्नखर्च, तर जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने 1873 पासूनच कमी खर्चाच्या विवाहाची वाट घालून दिली आहे.

वाटा मागितला तर माहेर तुटेल, असा आक्षेप येईल. परंतु बहिणीने हक्क सोडला तरच टिकणारे नाते भावाच्या प्रेमावर उभे नसते. लेकीचे नाव सातबाऱ्यावर लावणे आणि मागणाऱ्याला सोयरीक नाकारणे, ही दोन्ही कामे पावसाची वाट न पाहता आजच करता येतात.