पहारा आणि पाळत

जॉर्ज ऑर्वेल यांची ‘१९८४’ ही कादंबरी आमच्यासारख्या निवासी शाळेत शिकवावी काय, असा विषय निघाला की दोन आक्षेप हमखास पुढे येतात. जुन्नर-आंबेगावच्या वाड्या-वस्त्यांवरून आलेल्या मुलांना लंडनमधल्या काल्पनिक हुकूमशाहीशी काय कर्तव्य, हा पहिला. दुसरा आक्षेप हळू आवाजात घेतला जातो, पण वजन त्यालाच अधिक आहे. जेथे पहाटेच्या वंदनेपासून रात्रीच्या हजेरीपर्यंत मुलांचा दिवस घंटेवर चालतो, तेथे पाळतीविरुद्धचे पुस्तक त्यांच्या हाती देणे म्हणजे शिस्तीवरच प्रश्न ओढवून घेणे नव्हे काय? आमचे मत असे की, ही कादंबरी अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना अवश्य शिकवावी आणि तो प्रश्नही ओढवून घ्यावा.

पहिल्या आक्षेपाला आपला इतिहासच उत्तर देतो. ऑर्वेल यांचा जन्म १९०३ साली बिहारमधील मोतिहारी येथे झाला आणि तरुणपणी १९२२ ते १९२७ या काळात त्यांनी ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी म्हणून नोकरी केली. साम्राज्याचे पोलीस प्रजेवर नजर कशी ठेवतात, हे त्यांनी आतून पाहिले होते. त्याच साम्राज्याने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ साली त्याची व्याप्ती वाढवली. या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. नोंद झालेल्या माणसाने ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवान्यावाचून गाव सोडायचे नाही, असा तो जाच होता. स्वातंत्र्यानंतरही हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. आपल्या सह्याद्रीतही राघोजी भांगरे आणि होन्या केंगले यांच्या उठावांनंतर महादेव कोळी वस्त्यांवर सरकारची करडी नजर राहिली.

अण्णा भाऊ साठे यांनी १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फकिरा’त याच हजेरीचा अपमान मांडला आणि ती कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. म्हणून आमची सूचना अशी की, आधी ‘फकिरा’ वाचावी आणि मग ‘१९८४’. हजेरी देताना माणसाची मान कशी खाली जाते, हे ज्या मुलाला कळले, त्याला ऑर्वेलचा न मिटणारा दूरपडदा समजावून सांगावा लागणार नाही.

या कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ सत्य मंत्रालयात नोकरी करतो. जुनी वृत्तपत्रे बदलून त्यांतील माणसे पुसून टाकणे, हे त्याचे काम. हा भाग शिकवण्यास जुन्नरइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. शिवनेरी, लेण्याद्री, तुळजा आणि मानमोडी येथील लेणी आपल्या भोवतीच आहेत. जुन्नरच्या ब्राह्मी दानलेखांत इरिल, चिट, चंद या यवन उपासकांची नावे आहेत, तसेच बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचीही. सुमारे दोन हजार वर्षांत राज्ये बदलली, ही नावे राहिली. उलट आंबेगाव तालुक्याला ज्या गावाने नाव दिले, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आणि त्याच्या आठवणी आता वृद्धांच्या बोलण्यातच उरल्या आहेत. त्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत ऐकून वहीत उतरवल्या, तर विन्स्टनने जिवावर उदार होऊन रोजनिशी का लिहिली, हे त्यांना भाषणावाचून कळेल.

आता दुसरा आक्षेप. मराठीत पहारा आणि पाळत असे दोन शब्द आहेत आणि त्यांतील भेद मोलाचा आहे. बिबट्याच्या भीतीने वसतिगृहाच्या आवारात रात्री दिवे लागतात, रखवालदार फिरतो, तो पहारा. त्याची नजर बाहेरच्या संकटाकडे असते. पाळतीची नजर आतल्या माणसाकडे वळलेली असते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील अत्याचार उघडकीस आल्यानंतर राज्य शासनाने शाळांना सीसीटीव्ही बंधनकारक केले. त्या निर्णयामागील वेदना खरी आहे आणि मुलांच्या सुरक्षेविषयी तडजोड होऊ शकत नाही. परंतु मुलांच्या रक्षणासाठी बसवलेला कॅमेरा पुढे कोण कोणाशी बोलते, हे टिपण्यासाठी वापरला जाऊ लागला, तर पहाऱ्याची पाळत झाली असे समजावे.

यंत्रावाचूनही पाळत ठेवता येते. वर्गात बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणारा मॉनिटर आपण सर्वांनी पाहिला आहे. कादंबरीतील पार्सन्सची लहान मुलगी स्वतःच्या बापाची चुगली करते आणि तिच्याविषयी बापाला अभिमानच वाटतो. मुलाला मुलावर हेर नेमण्याची ही सवय सोपी म्हणून आपण चालवून घेतो. विद्यार्थ्याचे पत्र किंवा त्याची वही त्याला न विचारता उघडणे, हेही त्याच जातीचे.

भगवंतांनी कालामांना सांगितले होते की, परंपरा म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरू सांगतो म्हणूनही काही स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या. ‘१९८४’ प्रसिद्ध झाली ८ जून १९४९ रोजी. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला संविधान सभेतील आपल्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले की, राजकारणातील भक्ती ही अधोगतीकडे आणि अखेरीस हुकूमशाहीकडे नेणारी वाट आहे. कादंबरीचा शेवट अशा भक्तीतच होतो. छळाने मोडलेल्या विन्स्टनला अखेर ‘बिग ब्रदर’विषयी प्रेम वाटू लागते. ज्या संस्थेत रोज बुद्धवंदना होते आणि भिंतीवर बाबासाहेबांची प्रतिमा आहे, तिने या दोन्ही उपदेशांना स्वतःच्या कारभारातून सूट देऊ नये.

कादंबरी वाचून एखादी विद्यार्थिनी उभी राहील आणि विचारेल, “सर, अभ्यासिकेतला हा कॅमेरा कशासाठी आहे, आणि त्याचे चित्रण कोण पाहते?” तिला उद्धट ठरवून बसवणे सोपे आहे. आपण तिला नीट उत्तर द्यावे. उत्तर देता येत नसेल, तर तो कॅमेरा तेथून काढावा.