मागणे आणि मागतच राहणे

नाताळच्या पर्वकाळी ख्रिस्ती प्रार्थनेविषयी एका हरिदासाने लिहावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. आम्हांस वाटत नाही. शेगावी नामघोष ऐकत आमचे आयुष्य गेले आणि शेजारच्या खामगावात ख्रिस्ती मंडळी शतकाहून अधिक काळ उपासना करीत आली आहेत. देवाकडे मागावे काय आणि किती काळ, हा प्रश्न दोहींकडे एकच आहे.

आमच्या काही कीर्तनकार स्नेह्यांचा आक्षेप असा की, ख्रिस्ती प्रार्थना म्हणजे निव्वळ याचना. निष्काम भक्तीपुढे ती गौण होय. हे आम्हांस मुळीच मान्य नाही. ‘प्रार्थना’ या शब्दाच्या पोटातच ‘अर्थ्’ हा धातू आहे, आणि त्याचा अर्थच मुळी मागणे. गीतेनेही आर्त व अर्थार्थी यांना भक्तांच्या पंक्तीतून उठविलेले नाही. आणि विठ्ठलाशी आयुष्यभर भांडत मागणारे तुकोबा आम्ही कोणत्या तोंडाने विसरावे?

लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूचा एक दृष्टांत आहे. न देवाला भिणारा, न लोकांची पर्वा करणारा असा एक न्यायाधीश. एक विधवा त्याच्या दारी नित्य येऊन न्याय मागते; अखेर कंटाळून तो तिचे काम करतो. वरवर वाचणारा म्हणतो, म्हणजे देवालाही असेच हैराण करावयाचे की काय? तसे नव्हे. शास्त्रकारांच्या भाषेत हा कैमुतिक न्याय आहे. असा निर्दय माणूसही जर शेवटी ऐकतो, तर दयाघन परमेश्वर ऐकेल हे काय सांगावे! देवाला जागे करण्यासाठी हे सातत्य नाही. मागणाऱ्याने निजू नये म्हणून आहे. पतंजलींनीही अभ्यासाला दीर्घकाल, अखंडता आणि आदर या तीन अटी घातल्याच आहेत.

पंडिता रमाबाईंचे चरित्र यादृष्टीने पाहावे. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविलेली ही विदुषी १८८३ साली ख्रिस्ती झाली. केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ च्या जानेवारीत त्यांनी नित्य प्रार्थनेसाठी मुलींना हाक दिली. तेव्हा सुमारे ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशेच्या घरात गेली. त्यानंतर तेथे जे आध्यात्मिक जागरण झाले त्याच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. आम्हांस मात्र त्याआधीचे ते पाच महिने अधिक मोलाचे वाटतात.

परंतु सगळेच मागणे फळते असे नाही. १९२१ साली रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा गेली. कोणत्या आईने तिच्यासाठी देवाला आळविले नसेल? तरीही मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून चाललेले बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. ते पुरे करूनच १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी देह ठेवला. ज्यांना भागवत मुखोद्गत होते त्यांनी हे भाषांतर अल्पशिक्षित बायाबापड्यांना समजेल अशा साध्या मराठीत केले. आम्ही संस्कृतच्या पढिकांनी यातले मोठेपण ओळखावे. पांडित्य मिळविण्यापेक्षा ते उतरवून ठेवणे कठीण. आध्यात्मिक वाढ म्हणतात ती आम्हांस येथे दिसते.

म्हणूनच प्रार्थनेच्या नावाने रोग्याला औषध सोडावयास लावणाऱ्या आणि हातोहात चमत्काराची हमी देणाऱ्या सभांचा आम्हांस विषाद वाटतो. (नवसाचा बाजार आमच्याकडेही कमी नाही, हे येथेच सांगून टाकतो.) संत पौलाने आपल्या देहातील काटा निघावा म्हणून तीनदा विनविले, काटा निघाला नाही, कृपा मात्र मिळाली. हा प्रसंग अशा सभांतून क्वचितच सांगितला जात असावा.

रमाबाईंचे ते बायबल १९२४ साली मुक्तिसदनाच्याच छापखान्यात छापून निघाले. कोणा ख्रिस्ती स्नेह्याच्या घरी त्याची जुनी प्रत असल्यास वाचकांनी या नाताळात ती मागून घ्यावी आणि लूकचा तो अठरावा अध्याय काढावा. त्या विधवेचे गाऱ्हाणे मराठीत उतरविणारी बाई स्वतः चोविसाव्या वर्षी विधवा झालेली होती, एवढे ध्यानी ठेवून तो वाचावा.